तेलाचा पंप नको म्हणणारा मिस्त्री

कंपनीने ही गाडी बदलायला पाहिजे का, असं मला आयुष्यात एकदाच कुणीतरी रीतसर विचारलं. मी चाळीसेक माणसांसमोर उभा राहून मोठ्या आवाजात उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. ते उत्तर चुकीचं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा एका भल्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला होता.

जालना जिल्हा झाला त्याच साली, एक्याऐंशीला, मी भोकरदनला जालना रोडवर पत्र्याचं शेड टाकून मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. माझं नाव रशीद. गिऱ्हाइकं रशीद मिस्त्री म्हणायची. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण शाळा मराठी झाली आणि दुकानात येणारा बहुतेक शेतकरी, त्यामुळे गाडीबद्दलचा विचार माझ्या डोक्यात मराठीतच चालतो. न निघणाऱ्या नटाला घालायच्या शिव्या तेवढ्या उर्दूत राहिल्या.

गाडीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ती चालवली त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही चालवली त्यांना नावाने काही कळणार नाही. एका सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी. माझ्या उस्तादांनी उमेदीत जे इंजिन उघडलं, तेच मी दुकान टाकल्यावर उघडत होतो आणि पुढे पंधरा वर्षं उघडत राहिलो. दर दोन-तीन वर्षांनी टाकीचा रंग बदलायचा, तिच्यावरचे पट्टे बदलायचे. आत एक नटसुद्धा इकडचा तिकडे झालेला नसायचा.

ती टिकली याचं कारण आमचे रस्ते. डांबर तालुक्याच्या गावापर्यंत. पुढे काळी माती. पावसाळ्यात ही माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं, आणि माणूस बाभळीची काडी घेऊन दर फर्लांगाला खाली बसून माती कोरत बसतो. म्हणून मी पुढचं मडगार्ड चार बोटं वर उचलून, पट्ट्या मारून बसवून द्यायचो. मागे जाड खाचांचं टायर. सायलेन्सरचं तोंड वर वळवलेलं, म्हणजे ओढ्यात पाणी शिरायला नको. परदेशात चिखलात पळवायला मुद्दाम वेगळ्या गाड्या बनवतात, असं पुढे मला एका इंजिनिअरने सांगितलं. आमच्याकडे सडकेसाठी बनवलेलीच गाडी आम्ही चिखलाची करून घेतली होती.

बाहेरच्या माणसासाठी इंजिनाचं थोडं सांगायला हवं. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल खाली वेगळं साठवलेलं असतं. टू-स्ट्रोकला ती सोय नाही. पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. ते पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून तो निळा धूर. तेल पडलं नाही तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. इंजिन एका क्षणात जाम होतं, आणि साखळीने त्याला जोडलेलं मागचं चाकही त्याच क्षणी थांबतं. तेवढ्यात डाव्या हाताने क्लच दाबला तर चाक मोकळं होतं आणि माणूस वाचतो. हे सगळं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाकी मात्र त्या इंजिनासारखं सोपं काही नव्हतं. एक पाना, एक पकड आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्यात अख्खं इंजिन शेताच्या बांधावर गोणपाटावर मांडता यायचं. ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडले तर काडेपेटीच्या बाजूने घासायचे. इंजिनाच्या सांध्यातलं पॅकिंग फाटलं तर जाड कागद कापून बसवायचा, आणि खेड्यात जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. भोकरदन तालुक्यातल्या कित्येक इंजिनांत कुणाचं ना कुणाचं शुभमंगल मी दाबून ठेवलेलं आहे. सायलेन्सर काजळीने तुंबला की तो जाळातून काढायचा. एका गिऱ्हाइकाने तो सरळ गावच्या होळीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी राखेतून उकरून माझ्याकडे आणला. सायलेन्सर आतून इतका साफ झाला होता की मला हसावं का शाबासकी द्यावी ते कळेना. तोंडाशी जोडलेली रबराची नळी तेवढी वितळली होती.

या सोपेपणाचा मला अभिमान होता. आता वाटतं, अभिमान गाडीचा कमी आणि स्वतःचा जास्त होता.

माझ्या गिऱ्हाइकांत साळवे डॉक्टर म्हणून एक होते. ढोरांचे डॉक्टर. सरकारी कागदावर त्यांचं पद पशुधन पर्यवेक्षक, पण तालुक्यात त्यांना डॉक्टरशिवाय कुणी काही म्हटलं नाही. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, उंच, किडकिडीत, डोक्याला कायम उपरणं गुंडाळलेलं. त्यांचा सगळा दिवस गाडीवर जायचा. कुठे म्हैस अडली, कुठे बैलाच्या खुरात किडे पडले. वाट असेल तिथून जायचे आणि नसेल तिथूनही जायचे. त्यांच्या गाडीइतकी मार खाल्लेली गाडी माझ्या दुकानात दुसरी नव्हती, आणि तितकी जपलेलीही.

गाडीचं दुखणं ते ढोराच्या भाषेत सांगायचे. कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहायला लागलं की म्हणायचे, "रशीद, हिला आफरा झाला, पोट फुगलं." चढावर दम सोडला की हिला हगवण लागली. मला गंमत वाटायची, पण त्यांचं निदान बहुतेक वेळा बराबर असायचं. ते म्हणत की आपला दोघांचा धंदा एकच आहे, आपला पेशंट बोलत नाही, म्हणून हात लावून आणि कान देऊन कळून घ्यावं लागतं.

एकदा हसनाबादकडच्या एका वस्तीवर त्यांची गाडी बंद पडली. त्यांनी तिथल्या माणसाला सायकलवर माझ्याकडे पाठवलं. मी पोचलो तेव्हा डॉक्टर गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून गायीचं आडवं आलेलं वासरू फिरवत होते. मी बाहेर लिंबाखाली इंजिन उघडलं. पिस्टनची रिंग तुटली होती, ती बदलली. दोघांचं काम साधारण एकाच वेळेला संपलं. त्यांनी रक्ताचे हात धुतले, मी काळे हात धुतले, एकाच बादलीत. मालकिणीने आम्हा दोघांना गुळाचा चहा दिला. डॉक्टर म्हणाले की दुसरी कोणती गाडी असती तर ती बैलगाडीत घालून न्यावी लागली असती. तो दिवस मी पुढे पुष्कळ लोकांना सांगितला. कंपनीच्या इंजिनिअरलाही सांगितला.

तो इंजिनिअर आला तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. पाटणकर त्याचं नाव. तिशीच्या आतला, चष्मेवाला, हातात जाड वही. शहरात एव्हाना नव्या फोर-स्ट्रोक गाड्या दिसायला लागल्या होत्या, आमच्या गाडीचा खप उतरत होता, आणि जुनी गाडी सुधारावी का, सुधारावी तर काय, हे विचारायला कंपनीने त्याला जिल्ह्याजिल्ह्यांत धाडलं होतं. जालन्याला डीलरच्या शोरूममध्ये मिस्त्र्यांची बैठक ठरली होती. तिच्या आदल्या दिवशी तो भोकरदनला माझ्या दुकानात आला.

मी त्याला मागे बसवून ओढ्यातून, शेतातून, केळणा नदीच्या काठाने फिरवून आणलं. परत आल्यावर त्याच्या पँटचा रंग ओळखू येत नव्हता, पण माणूस खूश होता. लग्नपत्रिकेचं पॅकिंग बघून त्याने एक तुकडा वहीत ठेवून घेतला. मंग त्याने मला त्याच्या मनातलं सांगितलं. सगळ्यात आधी त्याला तेलाचा पंप बसवायचा होता. तेलाची छोटी टाकी वेगळी, आणि इंजिन फिरेल तसं लागेल तेवढं तेल पंप आपोआप देणार. पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगडच संपली. त्याशिवाय ब्रेक मोठे करायचे आणि थरथर कमी करायची. मी ऐकून घेतलं आणि उद्या बोलू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जिल्हाभरचे मिस्त्री जमले होते. काही जुनी गिऱ्हाइकंही बोलावली होती. त्यात कुंभार पिंपळगावचे एक कासार होते, सगळे त्यांना कासारमामा म्हणत. गाडीवर बांगड्यांच्या पेट्या बांधून ते आठवड्याचे बाजार करायचे. त्यांची बहीण भोकरदनला दिलेली, त्यामुळे वर्षातून दोनदा त्यांची गाडी माझ्याकडे यायची. पेट्यांखाली मी त्यांना ट्यूबच्या रबराच्या गाद्या करून दिल्या होत्या, तरी काच फुटायचीच. पाटणकरने विचारल्यावर सगळ्यात आधी तेच उठले. हळू आवाजाचा माणूस. म्हणाले, गाडी चांगली आहे, पण ही रोज माझ्या बांगड्या खाते. तिची थरथर कमी झाली तर बरं होईल.

सगळे हसले. पहिला मी हसलो. मामाही ओशाळं हसून खाली बसले.

मंग मी उठलो. पाटणकरने पंपाचं चित्र भिंतीला लावलं होतं. मी त्याच्याकडे बोट करून विचारलं की खेड्यात हा पंप बिघडला तर कोण नीट करणार? मी गायीच्या गोठ्याबाहेर रिंग बदलली ती गोष्ट सांगितली. म्हणालो, ही गाडी शेतकऱ्याला समजते, म्हणून ती चालते. तिच्यात काही घालू नका. आहे तशी द्या, फक्त स्पेअर पार्ट वेळेवर पाठवा.

टाळ्या पडल्या. पाटणकरने त्या संपू दिल्या आणि एकच विचारलं.

"मिस्त्री, पण एखाद्या दिवशी कुणी तेल टाकायला विसरलं तर?"

मी म्हणालो, "आमचं गिऱ्हाईक विसरत न्हाई, साहेब."

त्याने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मी ते लिहिताना पाहिलं आणि मला बरं वाटलं.

खरं काय होतं ते आता लिहायला हरकत नाही. पंप बिघडेल ही भीती खोटी नव्हती. पण आतली भीती निराळी होती. ती गाडी मी डोळे मिटून उघडत होतो. उद्या आत नवं काही आलं असतं तर वयाच्या पस्तिशीत मला परत शिकाऊ व्हावं लागलं असतं, आणि काल आलेल्या पोराला माझ्याइतकंच कळलं असतं. गिऱ्हाइकाच्या नावाने मी माझंच बोललो होतो.

पुढे दोन वर्षं काही बदललं नाही. टाकीवरचे पट्टे मात्र नवीन आले.

दोन वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात तालुक्यात ढोरांना लाळ-खुरकूत आली. तोंडातून लाळ गळते, खुरांत जखमा होतात, जनावर चारा सोडतं. डॉक्टर सकाळपासून अंधार पडेपर्यंत लसी टोचत फिरत होते. लस बर्फात ठेवावी लागते. त्यांच्याकडे बर्फाची एक पेटी होती. ती मागे बांधली की खड्ड्यांत आपटून बाटल्या फुटत, म्हणून ते पेटी टाकीवर पुढ्यात ठेवायचे आणि डाव्या हाताने धरायचे. गाडी एका हाताने चालवायचे. मी त्यांना दोनदा बोललो होतो. ते म्हणायचे, बाटली फुटली तर एका गोठ्याची लस गेली.

हसनाबादच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचं पेट्रोल संपलं. तिथला किराणा दुकानदार पेट्रोल ठेवायचा. नेहमी तो तेल मिसळलेलंच ठेवायचा, कारण गावात सगळ्या टू-स्ट्रोकच होत्या. पण त्या वर्षी गावात दोन-तीन नव्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या होत्या, म्हणून तो आता दोन कॅन ठेवायला लागला होता, एक तेल मिसळलेल्या पेट्रोलचा आणि एक साध्या पेट्रोलचा. दुपारची वेळ, दुकानदार जेवायला आत गेलेला. गल्ल्यावर त्याचा म्हातारा बाप होता. त्याने हाताला लागला तो कॅन दिला. डॉक्टर रोजचं गिऱ्हाईक, रोजच्यासारखंच असणार म्हणून त्यांनी पाहिलं नाही. कुणी वाईट नव्हतं, कुणी बेफिकीर नव्हतं. कॅन साध्या पेट्रोलचा होता.

पुढे चढ होता आणि चढानंतर उतार. चढावर इंजिन तापलं. उतारावर गाडी वेगात असताना पिस्टनने धरलं आणि मागचं चाक जागेवर थांबलं. डावा हात क्लचवर असता तर कदाचित काही झालं नसतं. डावा हात बर्फाच्या पेटीवर होता. गाडी आडवी होऊन फरफटत गेली, डॉक्टरांचा डावा पाय खाली आला, आणि गुडघ्याचा चुरा झाला.

वस्तीवरच्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून जालन्याला दवाखान्यात नेलं. गाडी बैलगाडीत घालून माझ्याकडे आणली.

सिलिंडर काढायला मला एक तास लागला, इतका पिस्टन घट्ट बसला होता. निघाला तेव्हा त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि सगळा कोरडा. बोटाला तेलाचा टिपूससुद्धा लागला नाही. टाकीतलं पेट्रोल मी वाटीत काढून उन्हात धरलं. स्वच्छ पाण्यासारखं. तेल असतं तर त्याला रंग दिसला असता. पाटणकरची वही आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या, साळवे वहिनी. एरवी मी घरी गेलो की चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "भाई, बारा वर्षं तुम्ही मला सांगून राह्यले की या गाडीला काही होत न्हाई." मी खाली पाहिलं. मग त्यांनी मला आत जाऊ दिलं.

डॉक्टर जागे होते. पायाला वजन लावून तो वर टांगलेला. त्यांनी आधी लसीच्या पेटीचं विचारलं. एकही बाटली वाचली नाही, असं मला सांगावं लागलं. मग मी ते सांगायला सुरुवात केली ज्यासाठी आलो होतो. कंपनीचा माणूस आला होता, त्याने तेलाचा पंप दाखवला होता, मी नको म्हणालो होतो, आमचं गिऱ्हाईक विसरत नाही असं म्हणालो होतो. सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या हेही सांगितलं.

त्यांनी छताकडे पाहत ऐकलं. मला वाटलं, जाऊ दे म्हणतील, नशीब म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी तेवढ्यावर घरी आलो असतो.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "ज्याला नको म्हणालास, त्याला सांग."

मी आयुष्यात कंपनीला पत्र लिहिलं नव्हतं. तीन दिवस लागले. मराठीत लिहिलं, कारण पाटणकरला मराठी येत होतं. मी त्या दिवशी बोललो ते चूक होतं, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. मग काय झालं ते लिहिलं: दोन कॅन, चढ, उतार, बर्फाची पेटी. माणूस विसरतोच, आणि तो विसरला नाही तरी दुसऱ्या कुणाच्या हातून चूक होते, असंही लिहिलं. कासारमामांना आम्ही हसलो तेही चूक होतं, हे शेवटी लिहिलं. ते त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

चार महिने उत्तर नाही. मंग एक दिवस पार्सल आलं. आत जड काहीतरी होतं आणि वर पाटणकरची चिठ्ठी. चिठ्ठी लहान होती. त्याने लिहिलं होतं की मी स्वतःला फार दोष देऊ नये. ज्या ज्या जिल्ह्यात तो गेला, तिथे बहुतेक मिस्त्री हेच बोलले होते. आणि वरच्या साहेबांनाही हेच ऐकायचं होतं, कारण न बदलण्यात काही खर्च नव्हता. त्याच्या अहवालातलं माझं वाक्य साहेबांनी सभेत वाचून दाखवलं. पंपाचं काम बंद झालं होतं, आणि तोही नोकरी सोडून चालला होता. चाचणीसाठी काही गाड्यांवर पंप बसवले होते, ते आता भंगारात जाणार होते. त्यातला एक तो माझ्यासाठी पाठवत होता.

गुंडाळी सोडली. इंजिनाच्या बाजूचं झाकण, त्याला जोडलेला मुठीएवढा पंप आणि दोन पारदर्शक नळ्या.

डॉक्टरांची गाडी माझ्याच शेडमध्ये कोपऱ्यात उभी होती. वहिनींनी ती विकून टाका म्हटलं होतं, डॉक्टर काहीच बोलले नव्हते. मी नवा पिस्टन टाकला, सिलिंडर घासून आणला आणि ते झाकण बसवलं. तेलाची टाकी पत्र्याची करून घेतली, हत्याराच्या पेटीच्या जागी. खोटं सांगत नाही, त्या पंपाने मला रडवलं. पहिल्यांदा तेल जास्त गेलं आणि अख्खा जालना रोड धुराने भरला. दुसऱ्यांदा नळीत हवा अडकली आणि तेल थेंबभरही येईना. दोन आठवडे मी त्याच्याशी झोंबत होतो, अगदी पहिल्या दिवसाच्या शिकाऊसारखा. खेड्यात हे नीट कोण करणार, हा माझा सवाल बराबर होता. पण नळीतली हवा कशी काढायची ते शेवटी मला कळलं, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळलं असतं. त्रास देणारा भाग आणि माणसाला पाडणारा भाग यात केवढा फरक आहे, ते मी सभेत बोलताना धरलंच नव्हतं.

म्हणून आज कुणी विचारलं, की जुनी चाललेली गाडी कंपनीने बदलावी का, तर मी म्हणतो बदलावी. फक्त बदललेला भागही बांधावर बसून उघडता यावा, इतका साधा ठेवावा. हे दोन्ही जमतं. पाटणकरने करून दाखवलं होतं. कंपनीने ते केलं नाही. पट्टे बदलत राहिली, आणि मंग धुराचे नियम आले, खप बुडाला आणि गाडीच बंद पडली. दोन हजार सालानंतर माझ्या दुकानात फोर-स्ट्रोकच येत होत्या. पंचेचाळिशीत मी व्हॉल्व्ह लावायला शिकलो. ज्याची भीती होती तेच झालं, आणि त्याने मी मेलो नाही.

आता डॉक्टरांचं सांगून थांबतो.

ते आठ महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले. गुडघा अर्धाच वाकायचा. त्यांना ऑफिसात टेबलाचं काम दिलं. ते कामावर जात होते, पण माणूस आटत चालला होता. वहिनीच एकदा दुकानात आल्या. म्हणाल्या, घरी बसून राहतात, कुणाशी बोलत नाहीत, गोठ्यातला वास आला नाही तर यांना अन्न गोड लागत नाही. मग कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहून त्यांनी विचारलं, "तो पंप खरंच तेल देतो का?" मी गाडी चालू करून पारदर्शक नळीतून तेल सरकताना त्यांना दाखवलं. त्या वाकून पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मंग घेऊन या एखाद्या दिवशी घरी."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो. माझा बेत होता की डॉक्टरांना मागे बसवून हसनाबादपर्यंत न्यावं, चार ओळखीच्या गोठ्यांत फिरवावं आणि परत आणावं. डॉक्टर बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. पंपावर हात ठेवला, नळी बोटाने दाबून पाहिली, जनावर तपासतात तसं. मग काठी वहिनींच्या हातात दिली.

"तू किक मारून दे," ते म्हणाले. "पुढे मी बसतो."

किक डाव्या बाजूला होती, आणि गुडघ्याला ती झेपणार नव्हती. पण गिअर घोट्याने पडत होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. मी किक मारली, डॉक्टर पुढे बसले, मी मागे. बारा-तेरा वर्षांत त्यांच्या मागे मी कधी बसलो नव्हतो.

ते हळू चालवत होते. हसनाबादकडची वाट, तेच खेडं, तेच किराणा दुकान. दुकानदाराने ओळखून हात वर केला, डॉक्टरांनीही मान हलवली. मग चढ लागला. इंजिनाचा आवाज मी कानाने नाही, मांड्यांनी ऐकत होतो. दुसऱ्याच्या गाडीवर बसलो असतो तर इतका घाबरलो नसतो. ही मी बांधलेली होती. चढ संपला, उतार दिसला. नकळत माझ्या दोन्ही मुठी त्यांच्या शर्टाला घट्ट बसल्या.

डॉक्टरांनी वेग कमी केला नाही. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते, डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर.

"टाकीत तेल बघितलंस ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"बघितलं, डॉक्टर."

"मंग शर्ट सोड. फाटून राह्यलाय."

मी सोडला. गाडी उतार उतरून खालच्या सपाट वाटेला लागली, आणि पुढच्या वस्तीवरची माणसं डॉक्टर आले, डॉक्टर आले म्हणत गोठ्यांतून बाहेर यायला लागली.